सेगुंदोची सही

“सही त्यांचीसुद्धा लागेल, दोन्या सोइला,” पिएदाद म्हणाली आणि धुराने डोळे चुरचुरले म्हणून तिने तोंड फिरवलं.

सोइला तेनेसाका, लोकांच्या तोंडी मानाने ‘दोन्या’ सोइला, चुलीवरच्या पिंपात लाकडी दांडा फिरवत होती. पिंपात राखेच्या पाण्यात मका रटरटत होता. साल सुटली की तो ओढ्यावर न्यायचा, हाताने चोळून चोळून धुवायचा आणि पुन्हा साध्या पाण्यात दाणा फुलेपर्यंत शिजवायचा. असा फुललेला मका, म्हणजे मोते, पानात नसेल तर त्या डोंगरात जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. सोइला तो शिजवून खाली असोगेस शहराच्या बाजारात विकायची.

“कुणाची सही?” तिने विचारलं. ऐकू गेलं नव्हतं असं नाही.

“तुमच्या नवऱ्याची. रस्त्याकडेची जमीन दोघांच्या नावावर आहे. ती तारण ठेवायची तर दोघांनी सही करायला हवी. गटाच्या कर्जाला आपण एकमेकींच्या जामिनावर भागवतो, पण ही रक्कम मोठी आहे. वरचे लोक ऐकत नाहीत.”

दांडा थांबला. “मग वरच्यांना सांगा, बाई, मीपण त्यालाच शोधतेय म्हणावं. सापडला तर आधी मला कळवा.”

पिएदादला हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली.

पिएदाद पतसंस्थेच्या महिला उद्योग विभागात होती. दर आठवड्याला मोटरसायकलवरून वर यायची, शाळेच्या पडवीत बायकांना जमवायची, हप्ते गोळा करायची आणि धंद्याच्या चार गोष्टी सांगायची. सुरुवातीला सोइलाला त्याची गंमत वाटे. जन्मभर विकणाऱ्या बायकांना विकायचं कसं हे शिकवायला शहरातून पोरगी येते. पण पिएदादने एकदा विचारलं होतं, “सरपण तुम्ही स्वतः तोडून आणता, म्हणून ते फुकट का?” हा प्रश्न सोइलाच्या डोक्यातून बरेच दिवस गेला नाही. गटाच्या कर्जातून तिने आधी मोठी पिंपं घेतली. मग फुटपाथवर परात मांडून बसणं सोडून बाजारात स्वतःचा ओटा घेतला. आता हमरस्त्यावरचे डुकराचं भाजलेलं मटण विकणारे हॉटेलवाले रोजचा माल मागत होते. तेवढा मका लाकडावर शिजणं शक्य नव्हतं. एक शेड, गॅसच्या भट्ट्या, पाण्याची टाकी एवढं उभं राहिलं तर होणार होतं. शिवाय दवाखान्यातल्या डॉक्टरणीने तिच्या पापण्या उलटून पाहिल्या होत्या आणि सांगितलं होतं, धुरात अजून काही वर्षं काढलीस तर दाणा कच्चा की शिजलेला हे तुला हाताने चाचपून बघावं लागेल.

सगळं जुळून आलं होतं. घोडं अडलं ते सेगुंदोच्या सहीपाशी.

सेगुंदो गेला तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गावातले सगळेच तरुण तेव्हा उत्तरेकडे जात होते. माणसं सरहद्दीपार नेणारा एक दलाल होता, त्याच्या हवाली स्वतःला करायचं, आणि पोचलं की डॉलर धाडायचे. सेगुंदोने कुठल्याशा सरहद्दीवरच्या गावातून दुकानातल्या फोनवर फोन केला. “उद्या निघतोय. आईला सांग, काळजी करू नको म्हणावं.” एवढंच. दलाल आधी म्हणाला पोचला असेल, मग म्हणाला पकडला असेल, आणि नंतर दलालच दिसेनासा झाला. त्या गोष्टीला आता अठरा-एकोणीस वर्षं होत आली होती. सोइला माहेरी परतली नाही. घरात सासू एकटी होती, आणि परतून जायला काही कारणही हवं ना. नवरा मेला म्हणून परतावं, तर तो मेला नव्हता. टाकलं म्हणून परतावं, तर त्याने टाकलंही नव्हतं. ना धड सधवा, ना धड विधवा अशी ती त्या घरात राहिली आणि मका शिजवत राहिली.

“एक मार्ग आहे,” पिएदाद हळूच म्हणाली. “आमच्याकडे एक वकीलबाई येतात, बायकांना फी पडत नाही. इतकी वर्षं पत्ता नसलेल्या माणसाला कोर्ट मृत समजतं. आधी त्याच्या नावाने जाहीर नोटीस काढायची. तो आला नाही, की घरच्यांची साक्ष घेतात आणि निकाल देतात. मग सहीचा प्रश्न राहत नाही.”

“म्हणजे मी त्याला मारायचं.”

“कागदावर, दोन्या सोइला.”

“कागदावर मेलेला माणूस मग कुठे जिवंत राहतो, बाई?”

पिएदादने आपले कागद पिशवीत भरले. जाताना म्हणाली, “माझ्या भागात तुमच्यासारख्या कितीतरी आहेत. प्रत्येकीच्या दारात मी हेच बोलते. मला ते आवडतं असं समजू नका.”

बाजारात शेजारच्या ओट्यावर रोसाउरा मटण विकायची. गटातली, तोंडाची फटकळ. सोइलाने तिला सांगितलं तेव्हा ती सुरा पुसत म्हणाली, “इतकी वर्षं बिछाना रिकामा, आणि आत्ता तुला त्याच्या जिवाची पडलीय?”

“जिवाची नाही गं. आईंची पडलीय.”

“हे बघ. तो मेला असेल तर त्याला काही फरक पडत नाही. जिवंत असेल तर तिकडे दुसरीच्या हातचं खात असेल. उद्या तुझे डोळे गेले तर तुझ्या सासूला कोण बघणार, तो?” आणि मग आवाज उतरवून म्हणाली, “तिला आत्ताच सगळं सांगू नकोस. म्हातारी आहे. झाल्यावर सांग.”

हा सल्ला सोइलाने घ्यायला नको होता. पण तो सोपा होता.

सासूचं नाव नातिविदाद. सत्तरी कधीच ओलांडलेली, पाठीने वाकलेली, पण मक्याची साल चोळायला बसली की दोघींचं काम एकटी करायची. मुलाबद्दल बोलताना ती कधी ‘होता’ म्हणत नसे. सेगुंदोला लसूण चालत नाही. सेगुंदो पहाटे उठतो. गावच्या पाद्र्याने एकदा त्याच्या नावाने मिस्सा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, करण्याची गोष्ट काढली, तर नंतर कित्येक रविवार ती चर्चला गेली नाही.

नोटीस वर्तमानपत्रात आली. पण डोंगरावर वर्तमानपत्र कोण वाचतं? पुढेमागे कुणी म्हणू नये की गुपचूप उरकलं, म्हणून पिएदादने ती गावोगावच्या निरोपांच्या वेळात रेडिओवरही द्यायला लावली. निवेदकाने ती आधी सरकारी भाषेत वाचली आणि मग डोंगरातल्या भाषेत आपल्या शब्दांत सांगितली: “रुमीपांपा गावच्या नातिविदाद यांचा मुलगा सेगुंदो. जिथे असेल तिथून त्याने घरी यावं. कुणाला त्याची खबर असेल तर त्याने कोर्टात येऊन सांगावं.”

सोइला बाहेर लाकडं रचत होती. आतून सासूने हाक मारली. ती धावत गेली, तर म्हातारी रेडिओसमोर उभी होती, हात ओले, बोटांना मक्याची सालं चिकटलेली.

“त्याचं नाव घेतलं,” ती म्हणाली. “माझंही घेतलं. तू सांगितलंस का शोधायला?”

खरं सांगायची वेळ हीच होती. “पिएदादबाईंनी केलं,” ती कशीबशी म्हणाली.

“देव तिचं भलं करो. इतक्या वर्षांत कुणी सरकारी माणसाने त्याचं नाव घेतलं नव्हतं.” म्हातारी खाली बसली. “हे उत्तरेत ऐकू जातं का गं?”

“नाही, आई. इथलंच स्टेशन आहे.”

“पण ऐकणारा कुणी तिकडे फोन तर करेल.”

पुढचे दिवस सोइलाला काढणं कठीण झालं. नोटीस पुन्हा वाचली गेली, आणि पुन्हा. दर वेळी नातिविदाद हातातलं काम टाकून रेडिओपाशी बसायची. तिने अंगण सारवलं. दाराच्या वरची फुटकी कौलं बदलून घ्यायला लावली. कुंपणाशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, “सरकार शोधतंय आता.” लोक मान डोलवत. काहींना खरी गोष्ट ठाऊक होती, आणि ते सोइलाकडे न बघता पुढे जात. रोज संध्याकाळी सोइला ठरवायची की आज सांगू. मग म्हातारी म्हणायची, “आज तुझ्या चेहऱ्यावर थकवा दिसतोय, तू जेव, मी धुते भांडी,” आणि सोइला ताट वाढून घ्यायची.

नोटिशीला उत्तर आलं नाही. साक्षीची तारीख लागली.

कोर्टाच्या दिवशी नातिविदादने ठेवणीतला निळा स्कर्ट घातला, वेण्या नव्याने गुंफल्या आणि पांढरी हॅट डोक्यावर नीट बसवली. मुलाची चौकशी करायला बोलावलं आहे, तर नीटनेटकं जायला हवं. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि सोइलाला त्याच्या लहानपणीचं सांगत राहिली. ओढ्यात पडला होता ते. बकरीला बूट घालायला बघत होता ते. सोइला ऐकत होती आणि खिडकीबाहेर दिसणारं काहीच तिला दिसत नव्हतं.

न्यायाधीशबाई मध्यमवयीन होत्या, घाई न करणाऱ्या. पिएदाद आणि वकीलबाई मागच्या बाकावर बसल्या. नातिविदादला शहरी भाषा जेमतेम येत होती, म्हणून कचेरीतली एक डोंगराकडचीच बाई दुभाषी म्हणून तिच्याजवळ उभी राहिली.

“तुमचा मुलगा शेवटी कधी बोलला?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“निघायच्या आदल्या दिवशी. माझ्याशी नाही, हिच्याशी बोलला. मी शेतात होते.”

“त्यानंतर पत्र, फोन, कुणाकडून निरोप?”

“नाही. पण आता रेडिओवर सांगितलंय.”

न्यायाधीशबाईंनी सोइलाकडे पाहिलं. सोइलाने मान खाली घातली. मग त्या दुभाषीला म्हणाल्या, “यांना समजावून सांगा. यांच्या साक्षीवरून मुलाला मृत समजण्याचा निर्णय होऊ शकतो. हे त्यांना ठाऊक असायला हवं.”

डोंगरातल्या भाषेत ‘मृत समजणे’ असा काही शब्द नाही. दुभाषीने थोडा वेळ शोधला. मग ती खाली वाकून, जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाली, “तो मेला असं लिहितील, आजी.”

नातिविदादने दोन्ही हातांनी हॅट काढली आणि मांडीवर ठेवली. मग ती सोइलाकडे वळली.

“तुला ठाऊक होतं?”

“होतं, आई.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

मागच्या बाकावर पिएदाद उठून उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, “आज नको असेल तर पुढची तारीख देते. सक्ती नाही.”

सोइलाच्या मनात आलं, आपणच म्हणावं की राहू दे. शेड नको, भट्टी नको, चला घरी. तिने तोंड उघडलंही. पण म्हातारीने हात वर करून तिला थांबवलं आणि दुभाषीला विचारलं, “असं लिहिल्यावर तो आला तर?”

“तर निर्णय रद्द होतो,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “कायद्यात तशी सोय आहे.”

“म्हणजे त्याला परत यायला मनाई नाही.”

“नाही. कधीच नाही.”

नातिविदादने हॅटच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “हिचे डोळे जातायत. धूर मीपण सोसलाय, मला माहीत आहे. ही माझ्या घरात आली तेव्हा पोर होती. जाऊ शकली असती, गेली नाही.” आणि मग, कुणी पुन्हा विचारलं नसतानाही, सरळ न्यायाधीशबाईंकडे बघून ती शहरी भाषेत म्हणाली, “खबर नाही. काहीच खबर नाही. लिहा.”

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली नाही. घरी आल्यावर तिने रेडिओ फडक्यात गुंडाळला आणि फळीवर ठेवून दिला. त्यानंतर कितीतरी दिवस ती सोइलाशी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठायची, मका चोळायची, आपलं ताट घेऊन अंगणात जेवायची. सोइला दाराआडून तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघायची आणि आत जाऊन चूल फुंकायची. धुराचं एक बरं होतं, डोळ्यांत पाणी का आलं हे कुणी विचारत नव्हतं.

निकाल हातात पडला त्या आठवड्यात एका सकाळी म्हातारी काळा स्कर्ट नेसून बाहेर आली. हातात दुसरी एक काळी शाल होती, जुनी, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी. तिचा स्वतःचा नवरा गेला तेव्हा तिने वापरलेली.

“घे,” ती म्हणाली. “ओढ. तूही आता विधवा. तशीच बाजारात गेलीस तर लोक नावं ठेवतील.”

सोइलाने शाल घेऊन खांद्यावर टाकली. आतापर्यंत तिने सेगुंदोसाठी कधी रडून घेतलं नव्हतं. रडायला कुणी परवानगीच दिली नव्हती. ती मातीच्या ओट्यावर बसली आणि रडली, तरण्या पोरीसारखी, मोठ्याने. म्हातारी शेजारी बसून राहिली. तिने पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही, पण उठूनही गेली नाही.

“मला सांगायला हवं होतंस,” शेवटी ती म्हणाली.

“सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात?”

“नसते आले.” थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, “तरी सांगायला हवं होतंस.”

कर्ज मंजूर झालं. रस्त्याकडेला पत्र्याची शेड उभी राहिली, आत गॅसच्या भट्ट्या, बाहेर पाण्याची टाकी. हॉटेलवाल्यांच्या गाड्या पहाटेच येऊन थांबायला लागल्या. मका चोळायला गटातल्या दोघी कामाला आल्या. नातिविदाद आधी फिरकली नाही. मग एके दिवशी येऊन तिने भट्टीची निळी आग वाकून पाहिली, म्हणाली, “हिला आवाज फार आहे,” आणि एक पाट ओढून सालं काढायला बसली. त्यानंतर रोज येऊ लागली.

पतसंस्थेने राजधानीतून पाहुणे आणले. स्वच्छ बुटांचे दोन गृहस्थ आणि एक बाई. त्यांनी मोते खाल्ले, फोटो काढले, आणि बाईने मोठ्या आस्थेने विचारलं, “दोन्या सोइला, इथवर येताना तुम्हाला सगळ्यांत मोठी अडचण कोणती आली?”

पिएदाद मागे उभी होती. तिने मान खाली घातली.

सोइलाने भट्टीकडे पाहिलं, सालं काढणाऱ्या सासूकडे पाहिलं. “धुराची,” ती म्हणाली. पाहुण्या बाईने ते लिहून घेतलं.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला. आदल्या आठवड्यात नातिविदाद स्वतःच म्हणाली, “सुताराकडे जाऊन येऊ.” गावच्या स्मशानात पूर्वेकडच्या भिंतीलगत एक पट्टा आहे. तिथे थडगी नाहीत, नुसते लाकडी क्रूस आहेत. उत्तरेला गेलेल्यांचे. सुताराने क्रूस घासून निळा रंगवला, नाव घातलं, जन्माची तारीख घातली आणि ब्रश हातात धरून विचारलं, “मेल्याची कुठली घालू? कोर्टाने एक ठरवून दिली असेल ना?”

कोर्टाने दिली होती. कायद्याच्या हिशेबाने काढलेली कुठलीशी तारीख. सोइला ती सांगणार तोच सासू म्हणाली, “तो कोर्टाचा दिवस. त्याचा नव्हे. मोकळं सोड.”

त्या दिवशी सकाळी दोघी काळ्या शाली ओढून वर गेल्या. स्मशानात गर्दी होती. लोक रिवाजाप्रमाणे थडग्यांवर बसून जांभळी लापशी पीत होते, बाहुलीच्या आकाराचे पाव मोडून पोरांना देत होते, कुणी गात होतं. सोइलाने कुदळीने खड्डा केला. जमीन दगडाळ होती. खणताना तिने सेगुंदोचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. चेहरा आला नाही. आठवला तो उंबरठ्यावर बसून, मान खाली घालून बुटांच्या नाड्या बांधणारा एक तरुण. त्याच्या मानेवर नुकतेच कापलेले केस चिकटले होते आणि ते झटकावेत असं तेव्हा तिला वाटलं होतं. तिने झटकले नव्हते. आता तो तिच्या मुलाच्या वयाचा वाटला, तिला मूल असतं तर.

क्रूस खड्ड्यात उभा राहिला. नातिविदाद गुडघ्यांवर बसली आणि कडेची माती तळव्यांनी दाबू लागली. त्या ओळीतल्या बऱ्याच क्रुसांवर फक्त जन्माची तारीख होती, पुढची जागा कोरी.

जागा अरुंद होती. दुसऱ्या बाजूने माती दाबायला सोइलाला बसता येईना. शेजारच्या क्रुसाला कागदी फुलं बांधत एक अनोळखी बाई बसली होती. तिने वर पाहिलं, काही विचारलं नाही. फक्त आपली फुलांची टोपली उचलून पलीकडे ठेवली आणि थोडी सरकून बसली.